कामाचे वातावरण आणि अधिकाऱ्यांची जबाबदारी
(कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषण)



कामगाराला काम करण्याची उमेद वाटावी असे वातावरण व्यवस्थापनाने कसे निर्माण करावे, हा आजच्या सत्राचा विषय आहे. हा विषय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवतात. संघटनेच्या अभ्यासवर्गात तो कशाला, असे काहींना वाटेल. पण त्या वातावरणात आठ तास, प्रसंगी बारा तास आपण काढतो. त्याचे बरेवाईट परिणाम आपल्याच अंगावर येतात. म्हणून या शास्त्राचा पाया काय आणि त्यातला कोणता भाग आपल्याला सांगितला जात नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे.

शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनचे साहित्य बनवणारा हॉथॉर्न कारखाना होता. तेथे १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. प्रथम दिव्यांचा उजेड कमी-जास्त करून पाहिला. १९२७ पासून काही कामगार मुलींना वेगळ्या खोलीत बसवून टेलिफोनचे रिले जोडण्याचे काम दिले. त्यांना मधली विश्रांती दिली, अल्पोपाहार दिला, कामाचे तास कमी करून पाहिले, त्यांचे म्हणणे विचारले. उत्पादन वाढत गेले. कामगाराकडे माणूस म्हणून लक्ष दिले की तो मनापासून काम करतो, असा निष्कर्ष हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो यांनी मांडला आणि जगभरच्या व्यवस्थापकांनी तो उचलला.

हा निष्कर्ष खोटा नाही, पण अर्धा आहे. त्या मुलींची मजुरी त्यांच्या छोट्या गटाच्या उत्पादनावर ठरू लागली होती. वाढीव कामाचा पैसा त्यांच्याच हातात पडत होता. त्यांच्यापैकी दोघी फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत, म्हणून जानेवारी १९२८ मध्ये त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या गेल्या. पुढे १९३१-३२ मध्ये तारजोडणीच्या खोलीत १४ पुरुष कामगारांचे निरीक्षण झाले. दिवसाला किती काम करायचे, हे त्यांनी आपसात ठरवून ठेवले होते. जास्त केले तर दर कापतील किंवा माणसे कमी करतील, ही त्यांची धास्ती होती. मंदीचे दिवस होते, धास्ती निराधार नव्हती. ती गोड बोलण्याने गेली नाही.

आता आपल्याकडे पाहू. रेल्वेत उत्पादकतेशी निगडित बोनस १९७९-८० पासून सुरू झाला. अलीकडची अनेक वर्षे तो ७८ दिवसांचा जाहीर होतो, पण हिशेब दरमहा ७,००० रुपयांच्या मर्यादेवर होतो. त्यामुळे हातात जास्तीत जास्त १७,९५१ रुपये पडतात. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे १ जानेवारी २०१६ पासूनचे किमान मूळ वेतनच १८,००० रुपये आहे. कागदावर अडीच महिन्यांचा बोनस आणि हातात सर्वांत खालच्या श्रेणीचा एक महिन्याचा मूळ पगारही नाही! उमेद वाढवण्याची भाषा करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

परंतु बंधूंनो, प्रश्न पैशाचाच नाही. आपल्या धंद्यात वातावरण बिघडले तर माणसे मरतात. लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ५ ऑक्टोबर १९९९ रोजी दोन गाड्यांची टक्कर होऊन ३१ जण मृत्युमुखी पडले. एका ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडला होता. तोही त्यात गेला. सगळा दोष त्याच्या माथी मारून फाईल बंद करणे सोपे होते. पण चौकशीत दिसले की, तोच सिग्नल त्याआधीच्या सहा वर्षांत आठ वेळा ओलांडला गेला होता. तो नीट दिसत नव्हता, हे माहीत असूनही पुरेसा बंदोबस्त झाला नव्हता. आठ वेळा इशारा मिळाला, पण व्यवस्थापन हलले नाही. कर्मचाऱ्याने आपले नाव मालकाला न कळता धोका कळवावा, अशी व्यवस्था स्कॉटलंडच्या रेल्वेत १९९६ मध्ये सुरू झाली होती. या अपघातानंतर ती ब्रिटनभर लागू झाली.

यावरून आपण एक कसोटी ठरवू. वाईट बातमी टेबलावर आली की साहेब काय करतो, यावर त्या कार्यालयाचे वातावरण ठरते. सिग्नल झाडाआड जातो असे लोको पायलटने लिहून दिले, रुळाला तडा आहे असे ट्रॅकमनने सांगितले, तर पहिला प्रश्न दुरुस्तीचा येतो की "तू काय करत होतास" असा येतो? शाखा डाकपालाने खाती आणि विम्याचे टार्गेट पुरे होत नाही असे सांगितले, तर त्याची अडचण ऐकतात की बैठकीत सर्वांसमोर उभे करतात? रेल्वेत एस.एफ.-११ आणि डाक खात्यात नियम १६ चा मेमो ज्याच्या त्याच्या हातात पडू लागला, की माणूस दोष कळवणे सोडून झाकायला शिकतो. रजिस्टर स्वच्छ दिसते, लाईन मात्र धोक्यात असते. टार्गेटसाठी खिशातले पैसे भरून उघडलेले खाते पुढच्या वर्षी बंद पडते, तेही याच भीतीचे फळ आहे.

चांगले अधिकारी नाहीत असे आपण म्हणत नाही. रात्रीच्या ब्लॉकला गँगबरोबर लाईनवर उभा राहणारा, घरी आजारपण आहे म्हटल्यावर बदली माणूस शोधून रजा देणारा, केलेल्या तक्रारीचे काय झाले ते स्वतः येऊन सांगणारा साहेब आपण पाहिला आहे. त्याच्या हाताखाली माणसे घड्याळ न बघता काम करतात. पण त्याची बदली झाली की सगळे मागे जाते. म्हणून वातावरण एका माणसाच्या स्वभावावर न सोडता ते नियमात बांधून घ्यावे लागते.

त्यासाठी आपल्याकडे साधने आहेत. रेल्वेत स्थायी वाटाघाटी यंत्रणा, म्हणजे आपली पी.एन.एम., १ जानेवारी १९५२ पासून आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा, जे.सी.एम., १९६६ पासून आहे. तेथे आपण तीन मागण्या सातत्याने मांडल्या पाहिजेत. लेखी कळवलेल्या प्रत्येक दोषाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे. स्वतःहून धोका कळवणाऱ्यावर त्या कळवण्यावरून कारवाई होऊ नये. रिकाम्या जागा आणि नाकारलेल्या रजा यांचा हिशेब एकत्र ठेवला जावा, कारण माणूसच नसेल तर चांगला साहेबही रजा कोठून देणार?

आपलीही जबाबदारी आहे. ड्युटीवर नशा करणाऱ्याला संघटनेचे छत्र देऊ नये. दोष कळवणाऱ्या सहकाऱ्याला "साहेबाचा माणूस" म्हणून हिणवू नये. वातावरण खालूनही बिघडते.

येथून गेल्यावर प्रत्येक शाखेने मागील वर्षाचे तीन आकडे जमवावेत: दोष किती कळवले, उत्तरे किती आली, मेमो किती निघाले. हे आकडे घेऊन पुढच्या बैठकीत बसू. मग वातावरणाबद्दल व्यवस्थापनाशी बोलताना आपला शब्द हवेत जाणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!