खोबरेल नको तिथं

मागं गटातल्या एका ताईकडे बचतीचे पैसे घ्यायला गेले होते. तिच्या सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या, सोबत ऑक्सिजनचा सिलिंडर. व्हॉल्व्ह घट्ट, म्हणून ताईनं खोबरेलाची बाटली आणली. मी ओरडलेच!

शिलाई मशीनला तेल घालतो, तसं इथं चालत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा थेंबही भडकू शकतो. रॉकेटवाल्यांनाही हीच धास्ती. २०२३ मध्ये चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या रॉकेटच्या वरच्या इंजिनात ऑक्सिजन द्रवरूप असतो, जवळपास उणे १८३ अंश. तेल तिथं गोठेल, आणि पेटण्याची भीती वेगळीच. म्हणून अशा इंजिनांच्या ऑक्सिजन पंपातल्या बेअरिंगना तेल-ग्रीस लावत नाहीत. वाहता द्रवच त्यांना गार ठेवतो, घर्षण कमी करायला टेफ्लॉन वापरतात. हो, आपल्या नॉनस्टिक तव्यावरचंच!

तर व्हॉल्व्ह अडला की सिलिंडरवाल्यालाच बोलवा. हात साबणानं धुवून, पुसूनच सिलिंडरला लावा. पेशंटच्या ओठांना व्हॅसलीन नको. चूल लांब, देवाचा दिवाही लांब. यावरून घरात थोडी कुरबुर होते, होऊ द्या. त्या ताईच्या सासूबाईंनी आता समई ओसरीत हलवलीय.