लाल मुंगी चावली, त्यात काय?

आम्ही बचत गटाच्या बायका आज मुंगीवर बोलणार आहोत. हसू नका. खुरपायला वाकलो की पायाची आग आग करणारी लाल मुंगी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे.

ही मुंगी बांधावर, मोकळ्या रानात मातीत घर करते. आंब्याची पानं जोडून घरटं करणारी तांबडी मुंगी वेगळी. ही जबड्यानं कातडी धरते आणि मागच्या नांगीनं विष टोचते, तेही फिरून फिरून. घरावर पाय पडला की एकदम कितीतरी अंगावर चढतात. तेव्हा पाय नुसता आपटू नका, हातानं किंवा फडक्यानं भराभर पुसून काढा.

बहुतेकींना आग होते, गांधी उठते, कधी फोड येतो. साबणपाण्यानं धुवा, गार ओलं फडकं ठेवा. फोड फोडू नका, नखं लावू नका. मधुमेह असेल तर पायाच्या फोडाकडे रोज बघा.

पण एखादीच्या अंगाला हे विष सोसत नाही. मग त्रास चावल्या जागी थांबत नाही. अंगभर पित्त उठतं, ओठ-जीभ सुजते, आवाज बसतो, दम लागतो, उलटी होते, चक्कर येते. काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. आजवर काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही, असं नसतं. मधमाशी, गांधीलमाशीचंही असंच.

अशा वेळी चुना-हळद लावत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठा. बाईला चालवू नका. आडवी झोपवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. पाणी पाजू नका. डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, 'मुंगी चावली आणि अंगभर त्रास झाला.' यावर मांडीत द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाच मुख्य उपाय. बरं वाटलं तरी लगेच घरी निघू नका, त्रास काही तासांनी परत उलटू शकतो.

बाळाची झोळी बांधण्याआधी झाडाचं खोड आणि खालची जमीन बघा. बाळाला मुंग्या झटकता येत नाहीत. बांधावर गोधडीत निजवलेल्या बाळाजवळ कुणीतरी थांबायलाच हवं.

आणि एक. मुंगीसाठी काम सोडलं तर बाकीच्या हसतील, अर्धा रोज जाईल, म्हणून बाई गप्प बसते. आम्ही गटात ठरवलंय: 'जीव घाबरा होतोय' असं कुणी म्हटलं की खुरपी खाली. एकीनं फोन करायचा, एकीनं तिच्याजवळ थांबायचं, एकीनं रस्त्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवायची. पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही या तिघी ठरवा. ज्यांना आधी असा त्रास झालाय, त्यांची नावं सगळ्यांना माहीत असू द्या.

रोज बुडाला तर उद्या भरून निघेल. बाई गेली तर घर उघडं पडतं.