लाटेची लय



कोकणातील जुन्या घरांत ओटीवर झोपाळा असे. तो उंच न्यायला फार जोर लागत नाही, हे त्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. झोपाळा मागे येतो, क्षणभर थबकतो. नेमक्या त्या क्षणी हात लावला की काम झाले. अवेळी दिलेला धक्का कितीही जोराचा असला, तरी तो झोपाळ्याला अडवितोच. समुद्राच्या लाटांपासून वीज मिळविण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी असाच आहे.

मी अभियंता नव्हे. माझा संबंध शासकीय कागदांशी. परंतु खर्चाचे कागद वाचणाऱ्याला एक प्रश्न विचारावाच लागतो: जनतेचा पैसा समुद्रात टाकावयाचा, तर समुद्र परत काय देणार?

समुद्र उदार आहे, पण त्याच्या देण्याला मोजमाप नाही. आठ सेकंदांच्या अंतराने येणारी, एक मीटर ‘लक्षणीय उंची’ची लाट खोल पाण्यात प्रत्येक मीटर रुंदीमागे सुमारे ४ किलोवॅट शक्ती वाहून आणते. उंची दुप्पट झाली की शक्ती चौपट होते, म्हणजे १६ किलोवॅट; चार मीटरच्या लाटेत ती ६४ वर जाते. जे यंत्र वैशाखातील मंद लाटांवर चालावयाचे, त्यालाच आषाढातील खवळलेला दर्या सोसावयाचा आहे. साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

आपल्या देशात हा प्रयोग केरळमधील विळिंजम येथे झाला. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभियंत्यांनी उभारलेले १५० किलोवॅटचे केंद्र १९९१ मध्ये सुरू झाले. त्याची रचना साधी होती. पाण्यात बसविलेला काँक्रीटचा एक पोकळ कोठा. त्याला खाली तोंड. लाट आत शिरली की कोठ्यातील पाणी चढे आणि वरची हवा बाहेर लोटली जाई; लाट ओसरली की हवा पुन्हा आत ओढली जाई. कोठा जणू श्वास घेई, आणि त्या श्वासावर टर्बाईन फिरे.

परंतु हवा एकदा बाहेर, एकदा आत; मग चक्र एकाच दिशेने कसे फिरावे? ही युक्ती बेलफास्टचे प्राध्यापक ॲलन वेल्स यांनी काढली. त्यांच्या चक्राची पाती दोन्ही अंगांनी सारखी असतात. वारा कोणत्याही बाजूने येवो, चक्र आपली दिशा बदलत नाही. पण या गुणापोटी एक दोषही आहे. हवेचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की प्रवाह पात्याला सोडून सुटतो आणि चक्राचा जोर एकदम खचतो. म्हणजे समुद्र भरभरून देऊ लागला की यंत्र हात आखडते. म्हणून पुढे तेथेच दुसऱ्या जातीचे चक्र वापरून पाहिले गेले. त्यात दोन्ही बाजूंच्या मार्गदर्शक पट्ट्या हवेला वळवून पात्यांवर सोडतात, आणि मंद व वेगवान अशा दोन्ही प्रवाहांत काम बऱ्यापैकी चालते.

आता पुन्हा झोपाळ्याकडे वळू. पाण्यावर तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूला स्वतःची एक लय असते. लहान बोया झपझप डोलतो, समुद्राची मोठी लाट संथपणे येते. दोघांचा ताल जमत नाही. नॉर्वेचे बुडाल आणि फाल्नेस या शास्त्रज्ञांनी यावर सुंदर उपाय सुचविला. बोया वर पोहोचला की त्याला तेथेच क्षणभर धरून ठेवावयाचे, आणि लाट पुरेशी खाली गेली की सोडावयाचे. खालच्या टोकालाही तसेच. बोया मोठा न करता केवळ वेळ साधून त्याच्याकडून कितीतरी अधिक काम घेता येते. अवघड भाग एवढाच, की पुढची लाट कशी असेल हे यंत्राला आधी ओळखावे लागते. कारण खऱ्या समुद्रात दोन लाटा सारख्या नसतात. एडिंबरोचे स्टीफन सॉल्टर यांच्या ‘बदका’ने १९७० नंतरच्या दशकात प्रयोगशाळेच्या हौदात, ठरावीक लाटांची सुमारे ९० टक्के शक्ती टिपली होती. हौदातून दर्यात जाताना मात्र असे आकडे टिकत नाहीत.

दर्या कधी यंत्रही टिकू देत नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये उभारलेले एक केंद्र १९८८ च्या वादळाने उद्ध्वस्त केले. उलट स्पेनमधील मुत्रिकू येथे बंदरासाठी बांधलेल्या लाटरोधक भिंतीतच हवेचे कोठे ठेवून १६ टर्बाईने बसविली, आणि २०११ पासून ती वीज देऊ लागली. भिंत तर बांधावयाचीच होती. तिने दोन कामे केली.

विळिंजमचे केंद्र आज वीज देत नाही. तेवढ्यावरून तो पैसा बुडाला, असे मी म्हणणार नाही. खऱ्या लाटेखाली यंत्र कसे वागते, हे कोणत्याही हौदाने सांगितले नसते. आपल्या किनाऱ्यावरील लाटांची शक्ती स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि तीही मुख्यतः पावसाळ्यात एकवटलेली. म्हणून पुढचा प्रस्ताव समोर आला, तर यंत्राची सर्वांत मोठी शक्ती किती, हे मी प्रथम विचारणार नाही. सामान्य दिवसाच्या सामान्य लाटेतून वर्षभरात ते किती वीज देते, आणि वादळाच्या रात्री ते जागेवर राहते का, हे विचारीन. डिझेल जहाजाने आणून दिवे लावणाऱ्या लक्षद्वीपसारख्या बेटांना या दोन उत्तरांचे मोल कळेल.

समुद्रावर जोर करून काही मिळत नाही. त्याचा ताल ओळखून हात लावावा लागतो. झोपाळ्यावरचे मूल हे आधीच शिकलेले असते.