कपाटातली फाईल आणि खिशातला फोन

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलंय, "तू बँकेत होतास, काहीतरी उपयोगाचं बोल, पण जेवणाआधी संपव." म्हणून प्रस्तावना गाळतो. आपल्यातले बरेच जण निवृत्त झालेत, उरलेले दोन-तीन वर्षांत होतील. पीएफ, ग्रॅच्युइटी हातात आलीय. मुलं कुणाची पुण्यात, कुणाची बंगळुरूला, कुणाची परदेशात. घरात उरली दोन माणसं, दोन मोबाईल आणि एक लोखंडी कपाट. मी त्या कपाटाबद्दल आणि मोबाईलबद्दलच बोलणार आहे.

आधी कपाट. नोकरीतली माझी बरीच वर्षं मयत खातेदारांचे दावे निकाली काढण्यात गेली. समोर बहुतेक वेळा बाईमाणूस असायचं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात जुनी पासबुकं, एलआयसीच्या पावत्या, वीजबिलं, सगळं एकत्र. आणि ठरलेलं वाक्य, "हे सगळं तेच बघायचे." नवरा हिशेबाला पक्का, पैसा जपून ठेवलेला, पण कुठे ठेवलाय ते फक्त त्यालाच ठाऊक. मग तेराव्यानंतर कपाट उपसायचं. दुःख करायलाही सवड नाही.

तर एक पान तयार करा. एकच. कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत खातं आहे, मुदत ठेवी किती, विमा, पोस्ट, डिमॅट, लॉकर, पेन्शनचा पीपीओ क्रमांक, घराचा करार आणि शेअर सर्टिफिकेट कुठे आहे, कुणाला दिलेले किंवा कुणाकडून घेतलेले पैसे. पासवर्ड आणि पिन त्यात लिहू नका. हे पान फाईलमध्ये पहिलं लावा आणि फाईल कुठे आहे ते दोघांना माहीत हवं, शिवाय एका मुलाला किंवा मुलीला. दरवर्षी दिवाळीची साफसफाई कराल तेव्हा ते पान नव्याने लिहा.

मग नॉमिनी. लग्नाआधी खातं उघडलं तेव्हा आईचं नाव लावलं, आई जाऊन वीस वर्षं झाली, नाव तिथेच! अशी खाती मी शेकड्याने पाहिलीत. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही ठरवता येतं. पण एक गैरसमज काढून टाका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देऊन मोकळी होते, इतकंच. पैशावर हक्क कुणाचा हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच. म्हणून मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्याच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी केलीत तर उत्तमच, पुढची भांडणं कमी होतात. मृत्युपत्र म्हटलं की आपल्याकडे लोक "अभद्र बोलू नकोस" म्हणतात. दोन सख्ख्या भावांना बँकेच्या काउंटरवर एकमेकांची गचांडी धरताना मी पाहिलंय. अभद्र त्याला म्हणावं.

दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण बुडत नाही. वारसांनी मागितली की बँकेला द्यावी लागते. आपल्या वडिलांचं असं काही राहिलंय का, हे रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' या पोर्टलवर नाव टाकून पाहता येतं.

ठेवींबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही जरा कान देऊन ऐका. बँक बुडाली तर ठेव विम्याचे पाच लाख मिळतात. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पासूनची. त्याआधी 1993 पासून ती एक लाखच होती. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते, आठवत असेल. हे पाच लाख व्याजासकट, आणि एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांचे मिळून. एकाच बँकेच्या तीन शाखांत पाच-पाच लाख ठेवून कुणी निश्चिंत असेल तर त्याने आजच हिशेब करावा. आणि पतपेढीला हा विमा लागूच नाही. पतपेढी वाईट असते असं मी म्हणत नाही, आपल्या भागातल्या किती दुकानदारांना पतपेढीनेच उभं केलंय. पण निवृत्तीची अख्खी पुंजी, दीड टक्का जास्त मिळतो म्हणून, ओळखीच्या संचालकाच्या शब्दावर ठेवायची नाही.

आता फोन. विठ्ठलवाडीहून लोकल पकडणाऱ्याला 'फटका' हा शब्द समजावून सांगायला नको. दारात उभ्या माणसाच्या हातावर रुळांलगतून काठी बसते आणि मोबाईल खाली. फोन गेल्याचं दुःख पंधरा हजारांचं. खरा धोका आतल्या सिमचा. चोर ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. त्यावर साधा उपाय म्हणजे सिमला पिन लावणं. सेटिंग्जमध्ये सोय असते. मात्र कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्या, तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि पीयूके क्रमांक मागावा लागतो. दुसरं, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, पंधरा आकडी आयएमईआय दिसेल, तो त्या कपाटातल्या पानावर लिहून ठेवा. फोन गेलाच तर आधी सिम बंद, लगेच बँकेला फोन करून यूपीआय बंद, मग पोलिसांत तक्रार आणि 'संचार साथी' वरून तो हँडसेट ब्लॉक. क्रम हाच ठेवा. लोक आधी फोन शोधत फिरतात, तेवढ्यात खातं रिकामं होतं.

पण आपल्या वयाच्या माणसांना काठीपेक्षा कॉलचा फटका मोठा बसतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली. "तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॉल कट करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही." डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, तरी माणसं फसतात, आणि फसणारे अडाणी नसतात. डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी. का? तर आपल्या पिढीला सरकारी आवाजाची भीती आहे आणि अब्रूची त्याहून जास्त. गुन्हेगार नेमकं तेच दाबतात. माणसाला एकटं पाडलं की काम झालं. त्यामुळे "कुणाला सांगू नका" हे शब्द ऐकू आले की कॉल कट करायचा आणि शेजारच्या घराची बेल दाबायची.

बँकेतल्या माणसाकडूनही एक विनंती. तुम्ही घाईघाईने मुदत ठेव मोडायला येता आणि काउंटरवरची मुलगी विचारते, "काका, कशासाठी मोडताय?" तो आगाऊपणा नसतो. काय उत्तर द्यायचं तेही त्या भामट्यांनी पढवून पाठवलेलं असतं, मुलाचं ॲडमिशन, घराची दुरुस्ती. तिला खरं सांगा.

आणि पैसे गेलेच, तर 1930. हा क्रमांक आत्ताच फोनमध्ये टाका, मी थांबतो. टाकलात? पैसे काही मिनिटांत चार-पाच खात्यांतून फिरवून काढले जातात. ते मध्येच गोठवता येतात, पण तक्रार तासाभरात आली तर. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलेल्याच्या हाती फारसं काही लागत नाही. यूपीआयचं तर सोपं आहे: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे दिले.

घराबद्दल थोडक्यात. मे 2021 मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, वरचा स्लॅब खालचे स्लॅब घेत गेला, माणसं गेली. आपल्या भागात नव्वदच्या दशकात घाईने उठलेल्या कितीतरी इमारती आहेत आणि आपण त्यांत राहतो. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे पंधरा वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी. सभेत खर्चावरून वाद होतो, होऊ द्या, पण विषय पत्रिकेवर घ्यायला लावा. छताला तांबूस ओघळ, पोपडे, उघडी सळई दिसली की वरून पीओपी मारून झाकू नका. रोग झाकला जातो, बरा होत नाही.

वालधुनीकाठी किंवा बदलापूरकडे तळमजल्यावर राहणाऱ्यांना 26 जुलै 2005 विसरणं शक्य नाही. 2019 च्या जुलैत तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीमध्ये पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. जूनआधी ती फाईल माळ्यावर चढवा, कागदांच्या प्रती डिजीलॉकरमध्ये ठेवा. गॅस सिलिंडर घेताना गळ्याजवळच्या पट्टीवरचं अक्षर बघा: ए-27 म्हणजे 2027 च्या पहिल्या तीन महिन्यांत त्याची चाचणी करायची आहे. ती तारीख उलटलेली असेल तर परत करा. गळतीसाठी 1906.

तब्येतीवर मी डॉक्टरांसमोर काय बोलणार, समोर आपल्याच वर्गातले बसलेत. फक्त एवढंच: चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर "ॲसिडिटी असेल, सकाळी बघू" म्हणायचं नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन. कल्याण-अंबरनाथ रस्त्यावरची संध्याकाळची कोंडी धरून हिशेब करा. आपल्या घराजवळ रात्री दोन वाजता सीटी स्कॅन कुठे होतो, हे आजच चौकशी करून त्या पानावर लिहा. रुग्णवाहिकेसाठी 108.

आतून ताटं मांडल्याची खूण होतेय. दाराजवळच्या टेबलावर त्या एका पानाच्या नमुन्याच्या झेरॉक्स ठेवल्यात, जाताना एकेक न्या आणि पहिल्यांदा पेन्सिलीने भरा, खाडाखोड होणारच. नॉमिनीच्या फॉर्मबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर जेवताना माझ्या शेजारी बसा, आणि येताना घरच्या माणसालाही बरोबर घेऊन या.