बैठकीत गाणं कशाला?

(बेडसे इथे वनहक्क दाव्यांच्या बैठकीनंतर रात्री गाण्यांची बैठक झाली. तिथे केलेलं हे भाषण. बोलले तसंच लिहून काढलं आहे, मध्ये मध्ये थोडं दुरुस्त केलं आहे.)



दुपारी दाव्यांचं काम चाललेलं असताना मागून एका भाऊंनी विचारलं, "बाई, दाव्याचं ठीक हाये, पन रातीला गानी कशापायी? त्यात जिमीन मिळती का?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण नकाशा समोर होता आणि उजेड कमी होत चालला होता. आता देते. पण सरळ देता येणार नाही, जरा डोंगराला वळसा घालून द्यावं लागेल.

आधी वर बघा. अंधारात दिसत नाहीत, पण लेणी तिथे आहेत. आपण गुरं घेऊन, लाकडं घेऊन त्यांच्याखालून हजारदा गेलो. आत किती जण गेलेत? हात वर करा. बघा, पोरं गेलीत, बायका कमी. आत चैत्य आहे. दारासमोर उंच खांब, वर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर बसलेली बायका-माणसं. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम. तिथे दगडात अक्षरं कोरलेली आहेत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक, त्याचं नाव दानासाठी आहे. पाण्याच्या टाक्यावर एका बाईचं नाव आहे, सामदिनिका. महाभोजाची लेक, महारठ्याच्या घरची. मोठ्या घरची बाई, पण दान कशाचं दिलं तर पाण्याचं. पाण्याला पायपीट कोणाची होते हे बाईला ठाऊक असतं, असं मला आपलं वाटतं. आणि एका लहान स्तूपावर गोभूती नावाच्या थेराचं नाव आहे. त्याच्या शिष्यानं तो स्तूप केला. त्यात गोभूतीची ओळख काय दिली आहे? आरण्यक. म्हणजे रानात राहणारा. आणि भिक्षेवर जगणारा.

आता कोणी म्हणेल, बाई ओढूनताणून आपलं नातं जोडते. नाही जोडत. गोभूती बौद्ध भिक्खू होता, आपल्या वाडीचा नव्हता. मी एवढंच म्हणते, की या डोंगरावर "रानात राहणारा" हे शब्द मानानं दगडात कोरलेले आहेत. आणि आज त्याच डोंगराच्या अंगाला तुम्ही मोळी घेऊन उतरलात तर तुमची ओळख काय लिहितात? अतिक्रमक.

दुसरी गोष्ट. ज्यानं दान दिलं त्याचं नाव राहिलं. ज्यांनी छिन्नी मारून एवढा डोंगर पोखरला, त्यांचं या नावांत काही नाही. चैत्याच्या आत पूर्वी रंगीत चित्रं होती. १८६१ च्या सुमाराला कोणी साहेब येणार म्हणून आतून सफेदी मारली, असं सांगतात. साहेबाला स्वच्छ दिसावं म्हणून! चित्रं गेली. हे मी का सांगते, ते पुढं कळेल.

आता जात्यावर येते. इथं बसलेल्या साठीच्या पुढच्या बायांनी जातं ओढलेलं आहे. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, दोघी समोरासमोर, खुंट्याला दोन हात, एकीनं वैरण टाकायची, आणि ओवी. पहिली ओळ एकीनं म्हणायची, दुसरीनं उचलायची. भावाची, लेकाची, माहेराची, सीतेच्या वनवासाची, पंढरीची, सासूच्या जाचाची, आणि बौद्धवाड्यांत बाबासाहेबांची. जे तोंड उघडून कोणाला सांगता यायचं नाही ते जात्याला सांगायचं.

जातं गेलं, गिरणी आली. मला त्याचं दुःख नाही. हे मुद्दाम सांगते, कारण शहरातले काही जण येऊन जात्यासाठी उसासे टाकतात. त्यांना एक पायली नाचणी दळायला बसवावं. छातीत कळ आली तरी दळण संपत नसे. माझी आई म्हणायची, गिरणीवाल्याला माझं पुण्य लागो. पण गिरणी आली तेव्हा दळणाबरोबर पहाटेचा तो एक तासही गेला. बायांचा आपला असा तेवढाच वेळ होता. तो गेला त्याबरोबर गाणी गेली.

सगळी मात्र गेली नाहीत. आपल्याच मावळ-मुळशीत गरीब डोंगरी संघटनेच्या बाया आणि कार्यकर्ते, त्यांच्याबरोबर पुण्याच्या हेमाताई राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी प्वातवाँ, यांनी गावोगाव फिरून ओव्या लिहून घेतल्या. सुरुवात आपल्या डोंगरातून झाली आणि मग महाराष्ट्रभर गेली. एक लाखाच्या वर ओव्या जमा झाल्या. एक लाख! त्यातल्या बहुतेक बायांना अक्षर येत नव्हतं. त्यांचं काम मला एका कारणासाठी मोठं वाटतं. ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलं. म्हणजे लेण्यात जे झालं नाही ते इथं झालं. छिन्नी मारणारीचं नाव राहिलं.

आता त्या भाऊंचा प्रश्न. गाण्यानं जमीन मिळते का?

नाही मिळत. गाणं घेऊन कचेरीत गेलात तर हसतील. पण ऐका. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. दाव्याला पुरावा काय चालतो ते नियम १३ मध्ये दिलेलं आहे. दंडाची पावती, सरकारी कागद हे तर आहेच. पण त्याशिवाय जुन्या विहिरी, दफनाच्या-दहनाच्या जागा, देवाच्या जागा, वंशावळ आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी घेतलेला जबाब, हेही पुरावे आहेत. सामूहिक दाव्याला तर कंद-भाजी गोळा करायच्या जागा, गुरांच्या चरणीच्या जागा, पाणवठे, देवराया, मासे धरायच्या जागा, हे सगळं चालतं. एक पुरावा पुरत नाही, एकाहून जास्त लागतात. कातकरी, ठाकर, महादेव कोळी या आपल्या अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवायचा. आपल्यातल्या धनगर भावंडांना मात्र तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्यांच्याकडे पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठून यायचा?

एका वाडीचं सांगते. नाव सांगत नाही, दावा चालू आहे. तिथं सामूहिक दाव्याचा नकाशा काढायला बसलो. गड्यांनी सांगितलं, इथून इथपर्यंत आमचं. हद्द विचारली तर सगळ्यांनी वनखात्याच्याच बुरुजांची नावं सांगितली. बुरूज नंबर अमुक ते बुरूज नंबर तमुक. म्हणजे आपल्या रानाची हद्दही आपण त्यांच्याच खुणांनी सांगायला लागलो! एक म्हातारी कोपऱ्यात बसून होती, तिला कोणी विचारलं नव्हतं. पोरांच्या गलक्यात ती आपली गुणगुणायला लागली. ओवी भावाची होती. भाऊ मुराळी येतो, कुठल्या खिंडीतून येतो, कोणत्या पाण्यावर पाय धुतो, कोणत्या देवाला नारळ ठेवतो, मग कोणत्या माळावर त्याला गुराखी भेटतो. चार-पाच ओव्या झाल्या. आमच्यातला एक पोरगा हुशार, त्यानं पेन्सिल उचलली आणि नकाशावर टिंब द्यायला लागला. खिंड, पाणी, देव, माळ. टिंबं जोडली तर वाट झाली. त्यातलं पाणी गड्यांना माहीतच नव्हतं, झुडपात बुजलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हातारीला घेऊन गेलो. झुडूप तोडलं तर खाली दगडानं बांधलेला झरा निघाला. पंचनामा केला, फोटो घेतला, आजीचा जबाब लिहिला, अंगठा घेतला.

आता बघा, पुरावा ओवी नाही. पुरावा झरा आहे आणि आजीचा जबाब आहे. पण झऱ्याकडे नेलं कोणी?

म्हणून म्हणते, गाण्याची बैठक हीसुद्धा दाव्याच्या कामातच धरा. नंतरचा करमणुकीचा कार्यक्रम म्हणून नको. हे काम वनहक्क समितीचं आहे. मावळ काही जुन्नर-आंबेगावच्या काही गावांसारखा अनुसूचित क्षेत्रात नाही. इथं ग्रामसभेत मोठं गाव बसतं आणि चार घरांची वाडी दाराशी उभी राहते. तिथं आवाज चढवून भागत नाही, हातात तयार वही लागते.

पण गाणं गाईल ते सगळं खरं, असंही धरू नका. गाण्यात यमकासाठी गावं बदलतात. एकीच्या तोंडची नदी दुसरीच्या तोंडी दुसरीच होते. म्हणून प्रत्येक जागेवर जाऊन बघायचं. आणि आणखी एक, जरा कडू आहे. आपल्या गाण्यांतही वरचढ-खालचा आहे. पाटलाच्या वाड्याचं कौतुक आहे, लेक नको म्हणणारी गाणी आहेत. आणि सप्त्याला, जत्रेला गाव जमतं तेव्हा ढोलकी वाजवायला कातकऱ्याचा पोरगा लागतो, पण पंगतीला तो शेवटी. हे "आपली संस्कृती" म्हणून झाकून ठेवायचं असेल तर ती सफेदीच झाली. साहेबासाठी मारलेली सफेदी आणि आपण आपल्यासाठी मारलेली, चित्रं दोन्हींखाली सारखीच जातात.

लोणावळ्याच्या बाजूच्या पोरांशी मला बोलायचंय. बसलेत मागे. धरणाच्या कडेनं फार्म हाऊस झाले, बंगले झाले, हॉटेलं झाली. शनिवारी रात्री तिथं "आदिवासी नृत्य" ठेवतात. आपली पोरं जातात, पानं बांधून, तोंडाला रंग लावून नाचतात. पानं बांधून आपण कधी नाचलो? कोणाच्या आजोबानं बांधली होती? तो वेष त्या लोकांनी कुठल्याशा सिनेमातून काढला. मी पोरांना बोल लावत नाही. वीटभट्टीवर उचल घेऊन सहा महिने राबण्यापेक्षा एक रात्र नाचलेलं बरं, हे कोणालाही कळतं. पण एका पोरानं मला सांगितलं ते माझ्या मनातून जात नाही. तो म्हणाला, "ताई, ज्या हिरवळीवर नाचतो ना, तिथं माझा आजा वरई पेरायचा." मी विचारलं, त्या लोकांना हे सांगितलंस? म्हणाला, "त्यांनी इचारलंच न्हाई. गानं सांगा म्हनले, गोष्ट न्हाई."

शहाद्याकडे वेगळं झालं होतं. अंबरसिंग सुरतवंती, त्यांना महाराज म्हणायचे, भजनं गाणारा भिल्ल माणूस. भजनाला माणसं जमत, भजन संपलं की गेलेल्या जमिनींचं बोलणं निघे. त्यातूनच लोक उभे राहिले, पुढे १९७२ ला श्रमिक संघटना झाली. त्याच संघटनेतले वाहरूभाऊ सोनवणे कवी झाले. १९९० ला पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची "स्टेज" नावाची कविता आहे, ती मिळवून वाचा. इथल्या शिकलेल्या पोरींनी तर वाचाच. आपल्या दुःखावर स्टेजवरून कोण बोलतं आणि खाली कोण बसतं, हा त्या कवितेचा विषय आहे. आता मीच उभी राहून बोलते आणि तुम्ही बसलात, म्हणून लवकर आवरते.

कामाचं सांगते. प्रत्येक वाडीनं एक वही करायची, दोनशे पानी, रेघांची. लिहायला एक पोरगी, एक पोरगा. पोरगी हवीच, कारण सासूबाईंच्या ओव्या म्हाताऱ्या पोरासमोर गात नाहीत. गाणं जसं म्हटलं तसंच लिहायचं, शाळेच्या भाषेत सुधारायचं नाही. "व्हता" म्हटलं तर "व्हता". गाणारीचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, वय अंदाजानं. गाण्यात जागेचं नाव आलं की खाली रेघ. मग त्या जागेवर जायचं, म्हातारीला चालवत नसेल तर झोळीतून न्यायचं. कातकरी वाड्यांनी लग्नाची गाणी, ठाकरवाड्यांनी नाचाची गाणी घ्यावीत. धनगरवाड्यांनी गुरांच्या मागं म्हणायची गाणी आणि पिढ्यांची नावं घ्यावीत, पंचाहत्तर वर्षांसाठी ती नावं फार उपयोगी पडतील. भट्टीवर माणसं जायच्या आत हे झालं पाहिजे. दिवाळी झाली की अर्ध्या वाड्या रिकाम्या होतात. आणि वही कोणाला देऊन टाकायची नाही. कोणी अभ्यासाला मागितली तर वाडीतच बसून उतरवून घ्या म्हणावं. वही वाडीत राहील.

आता गाण्याला बसायचं, तर मघाशी या आजी म्हणाल्या, "जातं न्हाई तर वव्या कशा यायच्या, हात हलल्याबिगर तोंड हलत न्हाई." बरोबर आहे त्यांचं. वरच्या घरात जातं आहे म्हणतात, कोंबड्या झाकायला ठेवलंय. ते आणायला चौघे जा. खुंटा मोडलाय, कोणाकडे बाभळीचा तुकडा असेल तर तासून द्या. आणि मूठ मूठ नाचणी घेऊन या, मोकळं जातं ओढायचं नसतं.