कोंबड्यांचें सांथीचें पडसें

कोंबड्यांस रोग लागला म्हटलें कीं बहुधा मानमोडीचें नांव पुढें येतें. इ. स. १९२७ मध्यें राणीखेत येथें तिची नोंद झाली, म्हणून तीस राणीखेत असेंही म्हणतात. परंतु खुराड्यांत शिरणारा दुसरा एक रोग सहसा प्राण घेत नाहीं. आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतें. तो रोग म्हणजे संसर्गजन्य कोरायझा, अर्थात् कोंबड्यांचें सांथीचें पडसें.

लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत कोंबडी शिंकूं लागते. नाक वाहतें, स्रावास दुर्गंधी येते, तोंड सुजतें, डोळे चिकटतात. अंडीं शेंकडा १० पासून ४० पर्यंत घटतात. मानमोडींत मान पिरगळते, हिरवट हगवण लागते व मरतूक फार होते. ती विषाणूची व्याधि असल्यानें तीवर औषध नाहीं. कोरायझा जिवाणूचा असल्यानें औषधानें उतार पडतो. मात्र आरंभीं दोहोंचा भेद नुसत्या डोळ्यांनीं ठरवूं नये; पशुवैद्यास दाखवावें.

खरी मेख पुढेंच आहे. हा जिवाणु बाहेर फार दिवस तग धरीत नाहीं. त्याचें घर म्हणजे कोंबडीच. औषधानें पडसें जातें, पण जिवाणु समूळ जातोच असें नाहीं. बरी दिसणारी कोंबडी पुढें कित्येक दिवस पाण्याच्या भांड्यांतून व शिंकांतून रोग वांटीत राहते. बाजारांतून आणलेल्या दोन धष्टपुष्ट कोंबड्या सबंध खुराडें आजारी पाडतात, त्याचें कारण हेंच.

तेव्हां वाढलेल्या कोंबड्या आणून जुन्यांत मिसळण्यापेक्षां एकाच खात्रीच्या ठिकाणाहून एका वयाचीं पिलें आणावीं. निरोग्यांस आधीं व आजाऱ्यांस मागाहून दाणापाणी द्यावें. भांडीं निराळीं ठेवावीं. जुना कळप काढल्यावर खुराडें धुवून, जंतुनाशक शिंपडून, दोन-तीन आठवडे रिकामें ठेवावें. लसही मिळते, परंतु या जिवाणूचे अ, ब व क असे तीन प्रकार असल्यानें आपल्या भागांतील प्रकारास लागू पडणारी लसच उपयोगी.

औषध चालू असतां, आणि त्यानंतर पशुवैद्य सांगेल तितके दिवस, अंडीं खाऊं नयेत व विकूंही नयेत. तसेंच, रोगांतून उठलेली कोंबडी स्वस्तांत बाजारीं नेऊन विकणें हा व्यवहार नव्हे. तें शेजाऱ्याच्या खुराड्यांत रोग पोंचविणें होय.