जिवाणू की विषाणू?

डेल्फ्ट हे हॉलंडमधलं शहर. १६८३ साली तिथल्या अँटनी व्हॅन लीवेनहूक या कापड व्यापाऱ्यानं दातांवरचा पांढरा थर खरवडून, स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिला. त्यात इवलेसे जीव वळवळत होते. ते होते जिवाणू.

त्याच डेल्फ्टमध्ये काम करणाऱ्या मार्टिनस बायरिंक यांनी १८९८ साली एक प्रयोग मांडला. रोगट तंबाखूच्या पानांचा रस त्यांनी चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. जिवाणू गाळणीत अडकतात. तरीही गाळलेल्या रसानं निरोगी रोपांना रोग झालाच! जिवंत पेशीत शिरल्याशिवाय न वाढणारा हा रोगकारक म्हणजे विषाणू.

याखेरीज बुरशी आहे, मलेरियाच्या परजीवीसारखे आदिजीव आहेत. ही वर्गवारी केवळ परीक्षेपुरती नाही. १९२८ साली फ्लेमिंग यांना बुरशीत सापडलेलं पेनिसिलिन जिवाणूंना आपली पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही. विषाणूला भित्तिकाच नसते. मग सर्दीवर ते काय करणार?

हे वर्गात शिकवणारा मी. पण एकदा सर्दी झाली तेव्हा कपाटात उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेतल्याच. सर्दी आपल्या गतीनंच गेली. औषधाला दाद न देणारे जिवाणू मात्र अशा वापरानंच फोफावतात. उद्या जिवाणूंमुळे न्यूमोनिया झाला, तर तीच गोळी निकामी ठरू शकते.

म्हणून डॉक्टरांकडे गोळी मागण्याआधी एवढंच विचारा: आजार जिवाणूंचा की विषाणूंचा?